कसोलजवळ नदीकाठचं हॉस्टेल : पन्नाशीच्या बाईला झेपेल का?

कृष्णाकाठची_बाई

नमस्कार मंडळी. मी सांगलीची, शाळेत गणित शिकवते, वय 53. दिवाळीच्या सुट्टीत भाचीबरोबर हिमाचलला चाललेय. भाची पुण्यात नोकरी करते आणि सगळं बुकिंग तिनेच उरकलंय. पार्वती खोऱ्यात, कसोलच्या जवळ, नदीला अगदी खेटून एक बॅकपॅकर हॉस्टेल आहे. तिथे मुलींच्या डॉर्ममध्ये आम्हा दोघींना दोन बंक. तीन रात्री.

मी आजवर हॉटेल, भक्तनिवास आणि नातेवाईक यापलीकडे कुठे राहिलेली नाही. शाळेच्या सहलीत पोरींबरोबर सतरंजीवर झोपलेय, पण तिथे शिस्त माझी असते. इथे अनोळखी सहा-आठ मुलींत मी एकटीच मावशी. कुणी चमत्कारिक नजरेने बघेल का, हा एक प्रश्न. गुडघे कुरकुरतात, तेव्हा वरच्या बंकवर शिडीने चढणं जमणार नाही, हा दुसरा. बाथरूम सामाईक. ते कसं असतं?

आणि खरी धाकधूक नदीची. फोटोत खिडकीच्या खालीच पाणी दिसतंय. भाची म्हणते, "मावशी, त्याचेच तर पैसे आहेत!" पण आम्ही कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळचे लोक. 40 फुटांना इशारा, 45 ला धोका, हे आमच्याकडे पोरांना पाढ्यांसारखं पाठ असतं. 2019 ला पाणी 57 फुटांच्या वर गेलं तेव्हा आम्ही माळ्यावरच्या वस्तूसुद्धा हलवल्या होत्या. नदीच्या उशाशी झोपायची हौस मला कधीच नव्हती. कुणी अशा ठिकाणी राहिलं असेल तर खरंखरं सांगा. "मस्त आहे, जाऊन या" एवढंच नको.

पोहे_दोन_प्लेट

मस्त आहे, जाऊन या. 😄

गंमत केली. बाई, बिनधास्त जा. कानात घालायचे बोळे न्या, लॉकरला स्वतःचं कुलूप न्या, आणि चार्जरबरोबर एक एक्स्टेन्शन न्या, कारण प्लग नेहमी दुसऱ्याच्या उशाशी असतो. शनिवार-रविवार टाळता आला तर टाळा. दिल्ली-चंदीगडची गर्दी शुक्रवारी रात्री सुटते ती शनिवारी सकाळी खोऱ्याच्या तोंडाशी असलेल्या भुंतरहून वर चढते, मग तीस किलोमीटरला किती वेळ लागेल ते देव जाणे.

डेस्कवरची

बाई, मी मूळची कराडची. म्हणजे तुमच्याच नदीवर, फक्त थोडी वर. पार्वती खोऱ्यात एका नदीकाठच्या हॉस्टेलात डेस्क सांभाळायचं काम केलंय, म्हणजे येणाऱ्यांची आधारकार्डं बघणं, बेड देणं, भांडणं मिटवणं आणि गीझर का चालत नाही याची उत्तरं देणं. त्यामुळे मी पाहुणी म्हणून नाही, काउंटरच्या पलीकडून सांगते.

वयाचं आधी. काही हॉस्टेलं डॉर्मला वयाची अट ठेवतात, चाळीस किंवा पंचेचाळीसपर्यंतच. ती बुकिंगच्या पानावर तळाला बारीक अक्षरात असते आणि चोवीस वर्षांची मुलं ती वाचत नाहीत. भाचीला आजच फोन करायला सांगा. खासगी खोलीला सहसा अशी अट नसते. अट नसेल तर मात्र नजरेची काळजी सोडून द्या. डॉर्ममधल्या मुली पहिल्या संध्याकाळी तुम्हाला "आंटी" म्हणतील आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आई-वडिलांशी काय बोलणं झालं ते सांगत बसतील. मी हे इतक्या वेळा बघितलंय की साठीची बाई आली की मला बरंच वाटायचं. त्या खोलीत रात्री आपोआप आवाज कमी.

ओळखपत्र मूळ न्या. पॅनकार्ड दाखवून भांडणारे लोक रोज यायचे. पॅनवर पत्ता नसतो, ते रजिस्टरला चालत नाही. खालचा बंक फोनवर मागा आणि मेसेजवर लिहून घ्या, कारण "आल्यावर बघू" म्हणजे वरचा. पहिल्या रात्री नीट झोप लागणार नाही, पण ती नदीमुळे नाही. पहाटे पाचला खीरगंगेच्या ट्रेकला निघालेली मुलगी प्लास्टिकच्या पिशवीतून एकेक वस्तू काढते ना, त्या चर्रचर्र आवाजाने. नदीचा आवाज सलग असतो, कान तो तासाभरात स्वीकारतात.

सामाईक बाथरूम सकाळी सात ते नऊ सोडून कधीही स्वच्छ आणि रिकामं असतं. तुम्ही शाळेच्या वेळेने उठणाऱ्या, साडेपाचला आटपून मोकळ्या व्हाल. गीझरचं पाणी त्या वेळेला सगळ्यात गरम.

आता नदी. यावर जरा बसून लिहिते.

आपली नदी पावसाने चढते. कोयनेतून किती सोडलं, तुमच्याकडे कधी पोचेल, सगळं आधी कळतं, आणि पूर यायला दिवस लागतात. पार्वती वर हिमनद्यांतून येते. मे-जूनमध्ये दिवसभराच्या उन्हाने बर्फ वितळतं, त्यामुळे सकाळी ज्या दगडावर बसून मुलं फोटो काढतात तो दुपारनंतर पाण्याखाली असतो. रोज. हे पुराचं लक्षण नाही, तिचा दिनक्रमच तो. पण नवख्या माणसाला ठाऊक नसतं आणि तो चपला दगडावर ठेवून पलीकडे जातो. तुम्ही दिवाळीत जाताय, तेव्हा हा चढउतार फारसा नसतो. नदी बारीक, हिरवट निळी, तळाचे गोटे दिसतील इतकी स्वच्छ. वर्षातला तिचा सगळ्यात सभ्य काळ.

तरी पाण्यात उतरू नका, गुडघ्याएवढ्यातसुद्धा. वर बर्शैणीला पार्वती प्रकल्पाच्या दुसऱ्या टप्प्याचं धरण आहे. तिथून पाणी तीस किलोमीटरहून लांब बोगद्यातून शेजारच्या सैंज खोऱ्यात नेऊन 800 मेगावॉट वीज करतात. म्हणजे खालचं पात्र किती भरलेलं दिसेल हे नुसत्या हवामानावर ठरत नाही, दरवाज्यांवरही ठरतं. काठावर पाट्या असतात, त्या शोभेच्या नाहीत. 8 जून 2014 ला बियास नदीवर थलौटजवळ काय झालं ते आठवत असेल. हैदराबादची इंजिनिअरिंगची मुलं दगडांवर उभी राहून फोटो काढत होती, वरच्या लारजी धरणातून पाणी सोडलं गेलं आणि 24 विद्यार्थी वाहून गेले. ते काही पावसाळी दिवस नव्हते.

आणि एक गोष्ट, जी फोटोत कधीच दिसत नाही. लोक मोठ्या नदीला घाबरतात, पण खोऱ्यात घात बहुतेक वेळा बाजूच्या नाल्याने होतो. 6 जुलै 2022 ला मणिकरणच्या परिसरात चोज गावाजवळ असंच झालं. वर ढगफुटी, नाला फुगला, काठावरची कॅम्पसाइट गेली, माणसं गेली. एरवी तो नाला उडी मारून ओलांडता येईल एवढा. म्हणून हॉस्टेल बघताना मी नदीपासून अंतर विचारत नाही. उंची विचारते. शंभर फूट लांब पण पाण्याच्या पातळीला, त्यापेक्षा वीस फूट जवळ पण वर खडकावर बांधलेलं बरं. आणि शेजारून नाला उतरतो का, हे मॅपवर उपग्रहाचं चित्र लावून स्वतः बघते. मॅनेजरला विचारलं तर "नहीं जी, कोई दिक्कत नहीं" हेच येणार. मीही हेच सांगायचे, पगार त्याचाच होता.

आमच्या हॉस्टेलात स्वयंपाक करणारे एक गाववाले होते, आम्ही त्यांना चाचाजी म्हणायचो. पावसाळ्यात ते रात्री दोन-दोनदा उठून नदीशी जायचे. बॅटरी नाही, नुसते कान. मी विचारलं तर म्हणाले, पाणी वाढलं की आवाज मोठा होतो, त्याला कोण घाबरतं? खालून दगड घरंगळायला लागले की निराळा आवाज येतो, गडगड, पायाला जाणवते. तो आला की उठायचं. आणि पाऊस चालू असताना पाणी अचानक कमी झालं तर त्याहून लवकर उठायचं, कारण वर कुठेतरी दरड पडून पाणी अडलंय. एका ऑगस्टमधल्या रात्री त्यांनी आम्हा सगळ्यांना ताटं वाजवून उठवलं होतं. हाका मारून उपयोग नसतो, नदीच्या आवाजात दहा फुटांवरची हाक ऐकू येत नाही. पाहुणे पांघरुणं गुंडाळून वरच्या रस्त्यावर बसले, दोघे-तिघे चिडले, एकाने सकाळी ऑनलाइन रिव्ह्यूत एकच तारा दिला. पाणी अंगणाच्या कठड्याला लागून परत गेलं. दोरीवरचे टॉवेल तेवढे गेले.

हे तुम्हाला घाबरवायला लिहीत नाही. जुलै-ऑगस्टमध्ये मी माझ्या आईला तिथे पाठवणार नाही. 2023 च्या जुलैत बियासने रस्तेच नेले, कुलू-मनाली-कसोलकडे हजारो लोक दिवसेंदिवस अडकले. पण दिवाळीत नक्की पाठवीन.

दिवाळीत त्रास वेगळा. खोरं अरुंद, आपण तळाला. ऊन उशिरा येतं आणि दुपारीच डोंगराआड जातं. नदीकाठी दमट इतकं की धुतलेले मोजे दोन दिवस वाळत नाहीत आणि रजई अंगावर घेतली की आधी ओली वाटते. रात्री थंडी पाच अंशांच्या आसपास. सुती साडीची हौस सांगलीत ठेवून या. लोकरीचे मोजे, आतून घालायचं थर्मल, आणि झोपताना कानटोपी. कॉमन रूममध्ये तंदूर असेल, म्हणजे आपला भाकरीचा नव्हे, खोली तापवायची पत्र्याची शेगडी. तिच्याजवळची खुर्ची संध्याकाळी सहाला पकडायची.

त्या कॉमन रूममध्ये धूर तंदुराचाच असेल असं नाही. मोकळेपणाने सांगते, म्हणजे ऐनवेळी दचकायला नको. चरसच्या बाबतीत खोऱ्याचं नाव आहे. कुणी आग्रह करत नाही, "नको" म्हटलं की संपलं. मात्र परतताना कुणी "दीदी, एवढी पिशवी भुंतरला अमक्याला द्या" म्हणालं तर हात लावायचा नाही. भुंतरच्या रस्त्यावर पोलिसांचे नाके असतात, बस थांबवून सामान उघडतात. मध्यमवयीन बाईची बॅग कुणी तपासत नाही असं समजणारे लोक तिथे बसलेलेच आहेत.

सरपास_८९

डेस्कवरची यांचा प्रतिसाद आवडला. मात्र आमच्या पिढीला हॉस्टेल म्हणजे यूथ हॉस्टेल, दुसरं काही माहीत नाही. सर पास ट्रेकचा बेस कॅम्प कसोललाच असतो, मे महिन्यात, पार्वतीच्या काठी तंबू. महाराष्ट्रातून इतकी मंडळी यायची की जेवणाच्या रांगेत मराठीच ऐकू यायचं. पहाटे चहाची हाळी, स्वतःचं ताट स्वतः घासणे, रात्री कॅम्पफायर, आणि त्यात शेकोटी नसायची, झाडं तोडायची नाहीत म्हणून मधोमध नुसता दिवा. अनोळखी दहा जणांत झोपायची सवय तिथेच लागली.

मुळात ही कल्पनाच एका शिक्षकाची. रिखार्ड शिरमान नावाचे जर्मन मास्तर 1909 मध्ये पोरांना घेऊन पायी सहलीला निघाले, पावसात अडकले, एका शाळेत गवतावर रात्र काढली. तिथून सुचलं की सुट्टीत रिकाम्या शाळा मुलांना झोपायला द्याव्यात. तेव्हा बाई, सतरंजीवर वर्गात झोपलेल्या तुम्ही, म्हणजे या घराण्याच्या थेट वारस आहात! आताची हॉस्टेलं म्हणजे माझ्या मते दुमजली खाटांची हॉटेलं. बीन बॅग आणि भिंतीवर चित्रं. असो, म्हाताऱ्याची कुरकुर.

तीर्थनप्रेमी

कसोलच का पण? मनालीच्या रस्त्यावर औटला बोगद्याच्या आधी उतरा, बंजारकडे, म्हणजे तीर्थन खोऱ्यात वळा. गुशैणी किंवा जिभी. तीर्थन नदीवर जलविद्युत प्रकल्प होऊ दिलेले नाहीत, पुढे ग्रेट हिमालयन नॅशनल पार्क, 2014 पासून जागतिक वारसा यादीत. ट्राउट मासा ताजा मिळतो. जिभीहून जलोडी खिंड (3,120 मीटर) गाडीने, तिथून सेरोलसर तलाव पाच किलोमीटर, जंगलातून बराचसा सपाट रस्ता. गुडघ्यांना चालेल. शांत आहे, संगीताचा दणदणाट कमी.

डेस्कवरची

तीर्थनशी सहमत, जागा सुंदरच आहे. पण बाईंचं बुकिंग झालंय आणि त्या मणिकरणच्या इतक्या जवळ आहेत की ते सोडून जाऊ नये. कसोलहून जेमतेम चार-पाच किलोमीटर, बस मिळते. गुरुद्वाऱ्याच्या आवारात उकळते झरे आहेत, त्यात तांदूळ-डाळीची भांडी आणि पोटल्या सोडून शिजवतात. नदी शेजारून बर्फासारखी गार वाहते आणि काठावरून वाफ उठत असते. बायकांसाठी आंघोळीचं कुंड वेगळं, त्यात पाणी सोसेल इतकं गार करून सोडलेलं असतं. गुडघ्यांना तिथे पंधरा मिनिटं द्या. आधी पाय, मग हळूहळू. एकदम उतरलात तर चक्कर येईल. मग लंगर. खालीच बसायचं असतं, पण म्हाताऱ्याकोताऱ्यांची सोय करतात.

कसोलमध्ये खायला हिब्रू पाट्यांची दुकानं भरपूर आहेत, भाची तिथे नेईलच. तुम्ही सिड्डू मागा. वाफवलेला जाड पदार्थ, आत अक्रोड किंवा खसखशीचं सारण, वरून तूप. एक पुरतो. गरम असतानाच खायचा. गार झाला की चिवट होतो.

आणि हो, मुख्य राहिलं. हॉस्टेल नदीच्या कोणत्या बाजूला आहे? रस्त्याच्या पलीकडे असेल तर झुलता पूल आणि पायवाट लागते. "पाच मिनिटांवर" असं लिहितात, ते व्हॉलंटियर पोरांची पाच मिनिटं. चाकाची बॅग तिथे डोक्यावर घ्यावी लागते. पायऱ्या किती ते विचारा.

कृष्णाकाठची_बाई

सगळ्यांचे आभार. काल शाळा सुटल्यावर मीच फोन केला, भाचीला मध्ये घेतलंच नाही. डेस्कला एक मुलगा होता. वयाची अट आहे का विचारलं तर म्हणाला, "मॅम, आप आइए तो सही." म्हटलं, तसं नको, आहे की नाही ते सांग. नाही म्हणाला. मेसेजवर लिहून पाठव म्हटलं, पाठवलं. खालचा बंकही त्याच मेसेजमध्ये.

हॉस्टेल पलीकडच्या काठाला आहे. झुलता पूल, मग चीडच्या झाडांतून वाट, शेवटी दगडी पायऱ्या. किती, तर "थोडी सी". मी म्हटलं, मोजून सांग, मी थांबते. पोरगा खरंच मोजायला गेला! बावन्न निघाल्या. बावन्न मला जमतात, शाळेत स्टाफरूम तिसऱ्या मजल्यावर आहे. चाकाची बॅग रद्द, भाचीची जुनी सॅक घेतेय.

उपग्रहाचं चित्रही बघितलं. आमच्या डॉर्मच्या उत्तरेला एक पांढरी रेघ खाली उतरताना दिसते. तो नालाच असणार. विचारलं तर "वो तो सूखा है." दिवाळीत सुका असेलही. पण त्यांच्याकडे वरच्या टप्प्यावर, सफरचंदाच्या बागेला लागून, आणखी चार खोल्या आहेत असं बोलता बोलता कळलं. तिथे दोघींची खोली मिळते, दीडपट पैसे. भाची रुसली आहे. तिचं म्हणणं, डॉर्ममध्ये राहिलो नाही तर हॉस्टेलला कशाला जायचं. डेस्कवरची, तुम्ही काय कराल?

डेस्कवरची

दिवाळीत? डॉर्ममध्येच राहीन. पाऊस नाही, नाला सुका आहे, भाचीचं बरोबर आहे. जाण्याच्या दोन दिवस आधी हवामान खात्याचा कुलू जिल्ह्याचा अंदाज बघा. पावसाचा इशारा असेल तर वरची खोली मागा, त्या दिवसांत रिकामी असते, ऐनवेळी मिळते. नसेल तर पैसे वाचवा आणि तंदुराच्या लाकडाला द्या, ते वेगळे लावतात.

पायऱ्या मोजायला लावलेल्या मुलाला येताना भडंग घेऊन जा. सांगलीचं. डेस्कवर रात्री अकराला काही खायला नसतं.

पोहे_दोन_प्लेट

आणि कुलूप सांगलीतच घ्या बाई, छोट्या कडीचं. मोठं लॉकरच्या भोकात जात नाही.